शरणम्माचा लांब दोरा

योग शिकवणाऱ्या बाईला राग येऊ नये, असं लोक म्हणतात. मला येतो. तेव्हाही यायचा, आजही येतो, आणि श्वास कितीही लांब सोडला तरी जात नाही. शरणम्माची गोष्ट सांगायला बसले की पहिल्या वाक्यापासूनच डोकं तापतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तेराशे बावन्न फसली साल, म्हणजे इंग्रजी बेचाळीस-त्रेचाळीस. लातूरवर अजून निजामाचा अंमल होता. त्या वर्षी माझे यजमान, रेवणसिद्ध, दोन वर्षांनी घरी परत आले. पुण्याच्या पलीकडे घाटमाथ्यावर एक आश्रम होता, तिथं ते योग शिकायला गेले होते. जाताना दम्यानं धापा टाकत गेले. येताना बार्शीच्या छोट्या गाडीतून स्वतःची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन उतरले. ट्रंकेत एक जाड वही होती आणि तोंडात एकच वाक्य होतं, "योग सर्वांसाठी आहे." दात घासताना तेच, जेवताना तेच, दारात येईल त्याला तेच. त्यांच्या मागे दोन वर्षं घर मी ओढलं होतं, सासऱ्यांचं दुखणं काढलं होतं. ते वाक्य मला चौथ्या दिवशी पाठ झालं आणि आठव्या दिवशी टोचायला लागलं. सर्व म्हणजे कोण कोण, हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

यजमानांना वर्ग काढायचा होता. पण त्या काळात चार माणसांनी एकत्र जमून हातपाय हलवायचे म्हटले तरी सरकारची इजाजत लागायची. आमच्या शेजारचे महादेवप्पा सावकार त्यांना कचेरीत घेऊन गेले. महादेवप्पांची मोठी आडत होती, कचेरीत ऊठबस होती. तिथल्या पेशकार कारकुनानं अर्ज उलटापालटा करून पाहिला. अखाडा आहे का, कुस्ती आहे का, लाठी आहे का, असं विचारलं. यजमान म्हणाले, "न्हाई साहेब, यात श्वास हाय." श्वास घ्यायला अर्ज कशाला, असं पेशकाराला वाटलं आणि तो आणखीच संशयानं बघायला लागला. तीन महिने अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर हिंडला. शेवटी महादेवप्पांनी तोड काढली. अर्जात लिहिलं, "तंदुरुस्तीची कसरत, एका बिरादरीच्या मर्दांपुरती." लगेच मंजुरी आली.

यजमान पेढे घेऊन घरी आले. मी मंजुरीचा कागद वाचून घेतला. औशाला माझ्या वडिलांनी मला मराठी लिहायला-वाचायला शिकवलं होतं आणि उर्दूही अडखळत का होईना लावता यायची.

"आन् सर्वांसाठी म्हणत होता ते?" मी विचारलं.

"सुरुवात तर होऊ दे," ते म्हणाले.

मी पेढा खाल्ला नाही. त्यांना ते कळलंही नाही, हे विशेष.

महादेवप्पांच्या आडतीमागच्या मोकळ्या गोदामात रोज सकाळी पंचवीस-तीस माणसं जमायला लागली. सगळे आमचेच लिंगायत, बहुतेक दुकानदार. यजमानांना लोक गुरुजी म्हणायला लागले. मी घरी त्यांच्यामागे लागले की मलाही शिकवा. आता इथं त्यांचं माप पदरात टाकायला हवं, त्यांनी नाही म्हटलं नाही. रोज दार लावून त्यांनी मला मनापासून शिकवलं. माझी पाठ वाकडी असेल तर वाकडी म्हणाले, जमलं तर जमलं म्हणाले. सहा महिन्यांत मला ती वही त्यांच्याइतकी येत होती. फक्त एक पान ते घाईनं उलटायचे. त्यावर बायकांच्या तक्रारी आणि त्यांवरची आसनं लिहिली होती. आश्रमात उतरवून घेताना लाजले नसतील, बायकोसमोर लाजायचे. ते पान मी एकटीनं वाचलं.

त्या पानावर शरणम्माचं दुखणं होतं.

शरणम्मा म्हणजे महादेवप्पांची बायको. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणायची. दोन मुलगे झाले, पण दुसऱ्या बाळंतपणात काहीतरी फाटलं, तुटलं आणि तेव्हापासून तिचं अंग बाहेर यायचं. हे दुखणं घरोघरी होतं आणि कोणाच्याच घरी नव्हतं, कारण कोणी बोलायचंच नाही. शरणम्माला चालताना पाय फाकून चालावं लागायचं. जड उचललं की संपलंच. आणि जड उचलल्याशिवाय तिच्या घरात तिला जागा नव्हती. पूजेचं आणि पिण्याचं पाणी घरच्या सुनेनंच आडावरून भरायचं, गडीमाणसाचं चालत नाही, असा त्या घरचा नेम होता. तांब्याच्या सात घागरी, रोज. चार वर्षं तिनं त्या तशाच अवस्थेत भरल्या. मग एक दिवस आडाजवळच खाली बसली ती उठेना.

महादेवप्पांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "पाडव्यापर्यंत बघतो. न्हाई भरलं पानी, तर दुसरी करावी लागंल. घराचा नेम मोडता येत न्हाई."

हे सकाळी माझ्या यजमानांसमोर पद्मासनात बसणारे, "आता मन कसं शांत झालं" म्हणणारे महादेवप्पा. कार्तिक चालू होता. पाडव्याला जेमतेम पाच महिने होते.

एका दुपारी पुरुषमंडळी बाजारात असताना मी शरणम्माला माझ्या खोलीत बोलावलं. वहीतलं पान वाचून दाखवलं. तिनं मान खाली घातली, पण एकेक शब्द ऐकला. मग मी आडवी पडून दाखवलं. पाठ जमिनीवर, कमरेखाली दोन उशा, पाय सरळ भिंतीला लावून वर. पंधरा-वीस मिनिटं तसंच पडायचं, आणि वहीत सांगितल्याप्रमाणे श्वासाबरोबर अंग आत ओढून धरायचं, सोडायचं. रोज.

"एवढंच?" शरणम्मा म्हणाली.

"एवढंच अक्का. पन रोज."

ती आडवी पडली. पाय वर घ्यायला लागली आणि थांबली. हात गळ्याकडे गेला. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, बायकांच्याही. चांदीच्या डबीत असतं, जन्मापासून मरेपर्यंत अंगापासून वेगळं होत नाही, जमिनीला लागत नाही, बेंबीखाली येत नाही. शरणम्माची डबी घसरून गळ्याच्या खळगीत आली होती आणि तिचे पाय लिंगाच्या वर चालले होते.

"पाय लिंगाच्या वर?" ती उठून बसली. "न्हाई बाई."

माझं काय व्हायचं? मी माझी डबी चोळीत खोचायची आणि विसरून जायची. मला इतकी घाई झाली होती, पाच महिने डोळ्यांसमोर नाचत होते, की मी तोंडाला येईल ते बोलून गेले.

"काढून ठेवा की कोनाड्यात. पाव घंट्याचं तर काम हाय."

शरणम्मानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला जीव काढून कोनाड्यात ठेवायला सांगितलं होतं. तिच्या दृष्टीनं तेच सांगितलं होतं. ती पदर सावरून निघून गेली. पुढे दोन महिने माझ्या उंबऱ्यावर आली नाही. चूक माझी होती. लिंगायताच्या घरात जन्मून, लिंगायताच्या घरात नांदून मी असं कसं बोलले, याचा मला तिच्या नवऱ्याचा येत होता तितकाच राग आला.

मी यजमानांना सांगितलं की यावर तोड विचारा, तुमच्या आश्रमाला पत्र टाका, मठाच्या महाराजांना विचारा. ते विचारणारच होते, पण त्याच आठवड्यात गोदामात वेगळंच घडलं. शिवमूर्ती नावाच्या भुसार दुकानदाराला शीर्षासन करायची हौस आली. पाय वर गेले, सगळे वाहवा करायला लागले, आणि त्याच्या गळ्यातली डबी हनुवटीवरून घसरून फरशीवर टक्कन आपटली.

शिवमूर्ती तीन दिवस जेवला नाही. वर्ग बंद पडला आणि वाद सुरू झाला. माणूस उलटा झाला तर त्याची छाती बेंबीच्या वर धरायची की खाली? काही म्हणाले, छाती ती छातीच, माणूस कसाही असो. काही म्हणाले, जमिनीपासून मोजायचं. शिवमूर्तीचा चुलता म्हणाला, मुंडाशात बांधलं तर? मग दुसऱ्यानं काढलं, मुंडाशावरच तर उभं राहायचं. मोठमोठी माणसं, सकाळी दुकान उघडायचं सोडून, दोरी घेऊन एकमेकांच्या बेंब्या मोजत होती. दीड महिना. तोपर्यंत मार्गशीर्ष संपून पौष लागला होता. शरणम्माची सासू, सत्तरीची म्हातारी, कशाबशा तीन घागरी भरायची आणि प्रत्येक खेपेला सुनेला ऐकवायची.

शेवटी मठातून निर्णय आला. लिंगवंतानं लिंगाच्या वर पाय नेणारं कोणतंही आसन करू नये.

यजमान निर्णय घेऊन आले तेव्हा मी विचारलं, "आन् शरणम्मांचं?"

"ते आसनच सोडून दे. बाकीची शेकड्यानं हायेत."

"बाकीच्यांनी त्यांचं अंग आत जानार न्हाई."

"जगदेवी, महाराजांचा शब्द हाय. वाद नको. वर्ग महादेवप्पांच्या जागेत चालायलाय, उद्या जागा गेली तर सगळंच गेलं."

त्यांचं खोटं नव्हतं. जागा गेली असती, इजाजत गेली असती, दोन वर्षांची मेहनत गेली असती. पण मला त्यांचं खरं ऐकून घ्यायचा कंटाळा आला होता. मी त्या दिवशी भाकरी इतक्या जोरात थापल्या की सासूबाई बाहेरून म्हणाल्या, परातीनं काय केलं तुझं?

संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांनी, भरदुपारी, शरणम्मा आपण होऊन आली. दार लावून घेतलं आणि पदराआडून दोऱ्याचं भेंडोळं काढलं. लिंगाचा दोरा आमच्यात बायका घरीच वळतात. एरवी तो छातीपर्यंत येईल एवढा असतो. हा तिनं वळला होता तो चांगला साडेतीन हात लांब.

"महाराजांनी काय सांगितलं? पाय लिंगाच्या वर जाऊ ने," ती म्हणाली. "मग लिंगच पायाच्या वर नेलं तर?"

मला आधी कळलं नाही. तिनं करून दाखवलं. दोरा गळ्यातच. म्हणजे लिंग अंगापासून सुटलं नाही. दुसरं टोक डबीसकट वर, भिंतीला लावलेल्या पावलांच्याही वर.

"आन् वर धरनार कोन?"

"तू," शरणम्मा म्हणाली. "डबीला हात लावायचा न्हाई. दुसऱ्याच्या लिंगाला शिवत न्हाईत. दोराच धरायचा, गाठीच्या वर."

दीड महिना तीस बाप्ये बेंब्या मोजत बसले होते. ही बाई घरात एकटी बसून सूत वळत होती. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

मी चौरंगावर उभी राहिले. शरणम्मा आडवी पडली, कमरेखाली उशा घेतल्या, पाय वर केले. मी दोरा धरून हात वर नेला. "श्वास सोडा. आता आत ओढा. धरा. सोडा." पाचव्या मिनिटाला माझा खांदा भरून आला, दहाव्या मिनिटाला हात थरथरायला लागला. आसन तिचं आणि तप माझं, असा प्रकार होता. मी हात बदलला, पण खाली आणला नाही. शरणम्माचे डोळे डबीवर होते. पूजेत तळहातावर लिंग घेऊन जसं एकटक बघतात, तसं ती वर बघत होती.

"अक्का, मान ढिली सोडा."

"गप गं. लई दिवसांनी बरं वाटायलंय."

रोज दुपारी ती यायची. एक दिवस चुकला नाही. वीस दिवसांनी म्हणाली, चालताना ओढ कमी वाटते. महिन्यानं रिकामी घागर उचलली. मग अर्धी. मी तिला बजावलं होतं की उचलताना श्वास सोडायचा, अंग आत धरायचं, कमरेतून वाकायचं नाही. ती प्रत्येक घागरीला पुटपुटायची आणि सासूला वाटायचं, सून मंत्र म्हणते. तिच्यामागून आणखी तीन बायका आल्या, सगळ्या तेच दुखणं घेऊन, सगळ्या आपापला लांब दोरा वळून. एक पडायची, दुसरी चौरंगावर उभी. मला कोणी गुरुजी म्हटलं नाही. मला काय म्हणायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून काहीच म्हणायच्या नाहीत. पण शिकवत मी होते.

यजमानांना कळलं होतं. त्यांनी एकदा खोलीत चौरंग पाहिला, भिंतीवर टाचांचे डाग पाहिले, आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांना धरून गदागदा हलवावं, हे मला ठरवता आलं नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी शरणम्मानं सातही घागरी भरल्या. पाडव्याला अजून चौदा दिवस होते. मी आमच्या गच्चीवरून बघत होते. सातवी घागर तिनं स्वैपाकघराच्या उंबऱ्यात ठेवली, वर माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मी आत जाऊन रडले. इतकं बरं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

संध्याकाळी महादेवप्पा आमच्याकडे आले. खुशीत होते. यजमानांना म्हणाले, "गुरुजी, तुमच्या योगात ताकद हाय बरं का. घरातल्या मानसावर बी गुन पडला. आमची मंडळी पानी भराया लागली." गुण त्यांच्या सकाळच्या पद्मासनाचा, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

मी आतून म्हणाले, "मग आता दुसरीचं काढू नका."

मी पुरुषांच्या बोलण्यात बोलले म्हणून ते दचकले. मग म्हणाले, "ते कसं व्हईल? चाकूरकरांना त्यांच्या पोरीसाठी शब्द देऊन बसलोय, संक्रांतीलाच. दिलेला शब्द फिरवनं आपल्यात बसत न्हाई."

संक्रांतीला. म्हणजे पाडव्याची मुदत शरणम्मासाठी होती, त्यांच्यासाठी नव्हतीच. मी यजमानांकडे पाहिलं. बोला काहीतरी, तुमच्या शिष्याला बोला, असं मी डोळ्यांनी सांगितलं, आणि डोळ्यांनी सांगितलेलं त्यांना चांगलं कळायचं. ते चटईचा काठ सारखा करत राहिले. महादेवप्पा गेल्यावर म्हणाले, "त्यांच्या घरचा मामला हाय." मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही.

वैशाखात लग्न झालं. यजमान तेव्हा नांदेडला होते. तिथल्या व्यापाऱ्यांनी त्यांना योगावर बोलायला बोलावलं होतं, आणि बोलावणं नेमकं त्याच दिवसांत आलं की लग्न टाळायला त्यांनीच ते मागवून घेतलं, हे मी विचारलं नाही. लग्नाला दोनशे माणूस होतं. उन्हाळ्याचे दिवस, पाणी किती लागावं. पूजेचं, महाराजांच्या पाद्यपूजेचं, पंगतीच्या पिण्याचं, सगळं घरच्या सुनेनंच भरायचं. शरणम्मानं त्या दिवशी चाळीस घागरी भरल्या. मी मोजल्या. प्रत्येक घागरीला श्वास सोडत होती, अंग आत धरत होती, कमरेतून वाकत नव्हती, अगदी मी शिकवलं तसं. तिला एवढं बरं मी केलं होतं, आणि कशासाठी केलं होतं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. जेवणाच्या पानावरून मी उठून घरी आले.

लग्नानंतर आठ-नऊ दिवसांनी, दुपारी, दार वाजलं. शरणम्मा होती. तिच्या मागे हिरव्या लुगड्यात, हळदीच्या हातांनी, नवी नवरी उभी होती. सिद्धम्मा तिचं नाव. वय सोळा असेल नसेल. शरणम्माच्या हातात नवा वळलेला लांब दोरा होता.

"हिला शिकव," शरणम्मा म्हणाली. "आत्तापासूनच. पोरंबाळं व्हायच्या आधी."

मी दारातच उभी राहिले. "हिला न्हाई शिकवनार, अक्का."

"का?"

"तुमाला समजंना का? तुमच्या जागेवर आनलीय हिला."

"माझी जागा कुटं होती?" शरणम्मा म्हणाली. ती चिडली नव्हती, आणि त्यानं मी जास्तच चिडले. "पानी भराया मला आनलं व्हतं, आता हिला आनलंय. कालपासून चार घागरी हिच्याकडं दिल्यात. कंबर बघ कशी धरतीय. सरक बाजूला."

पोर खाली बघत होती. तिची कंबर खरंच चुकीची होती, एका अंगावर भार देऊन उभी होती. ते मला दिसलं नसतं तर बरं झालं असतं. मी बाजूला सरकले.

मोठ्या मनानं शिकवलं, असं कोणी सांगेल तर ते खोटं आहे. तिच्या कमरेखाली उशी सरकवताना मला तिचा स्पर्श नको वाटत होता. चौरंगावर शरणम्मा चढली, तिनंच दोरा धरला. मी कोरड्या आवाजात सांगत गेले, सोड, आत ओढ, धर. सिद्धम्मा जसं सांगितलं तसं करत होती आणि मधूनच भीत भीत विचारत होती, "बरोबर हाय का बाई?"

बरोबर होतं. तिला पहिल्याच दिवशी सगळं जमलं, आणि मला त्याचाही राग आला.